स्कॅनएफ उत्तराची वाट न बघता पुढे पळतो: बिघाड नेमका कुठे आणि दुरुस्ती कशी

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना प्रिंटएफ, इफ, फॉर सगळं जमत जातं आणि मग एका प्रोग्राममध्ये विचित्र प्रकार दिसतो. प्रोग्राम प्रश्न विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. ‘वजन टाका’ आलं, ४२ टाकून एंटर मारला, ‘प्रत टाका’ (म्हणजे मालाचा दर्जा) उमटलं आणि त्याच दमात पुढचा प्रश्नही उमटला. प्रत टाकायला मिळालीच नाही. बीसीए, बीएससी किंवा पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला हा घोळ हमखास भेटतो. त्यावर मुलं काय करतात, तर अख्खा प्रोग्राम पुन्हा टाइप करतात, लॅबमधला टर्बो सी हा जुना कॉम्पायलर काढून नव्याने टाकतात, नाहीतर लॅबमधला शेजारचा कॉम्प्युटर धरतात. यातल्या कशानेच फरक पडत नाही, कारण कॉम्पायलर आणि कॉम्प्युटर दोन्ही धड आहेत. की-बोर्डवरून उत्तर वाचायचं काम स्कॅनएफ हे फंक्शन करतं आणि त्याने इनपुट घेतलेलं असतं. काय घेतलं, तेवढं आपल्याला दिसत नाही. ते दिसायला लागलं की पुढचे सगळे बिघाड आपोआप उलगडतात, म्हणून आधी ते बघू.

खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत दिला आहे. टाइप करताना मात्र सगळं इंग्रजी अक्षरांत करायचं, व्हेरिएबलची नावं आणि आकडेसुद्धा. आकड्यांचं कारण पुढे येतं.

उदाहरण जिनिंगच्या काट्यावरच्या नोंदीचं घेऊ. गाडी आली, तिचं वजन, कापसाची प्रत आणि गाव लिहायचं:

इंट वजन;
कॅर प्रत;
कॅर गाव[२०];

प्रिंटएफ("वजन, क्विंटल: ");
स्कॅनएफ("%डी", &वजन);
प्रिंटएफ("प्रत, ए की बी: ");
स्कॅनएफ("%सी", &प्रत);
प्रिंटएफ("गाव: ");
स्कॅनएफ("%एस", गाव);

पुढे जाण्याआधी एक तपासणी उरकून घ्या. ‘वजन’ आणि ‘प्रत’ यांच्या आधी & आहे ना? तो राहिला तर स्कॅनएफ भलत्याच पत्त्यावर लिहायला जातो आणि प्रोग्राम बहुतेक वेळा तिथेच मरतो. ‘गाव’ला & नको, कारण ॲरेचं नाव हाच तिचा पत्ता असतो. जीसीसी हा कॉम्पायलर वापरत असाल तर कॉम्पाइल करताना -वॉल हा पर्याय नेहमी द्या. विसरलेला & तो ओळ क्रमांकासह दाखवतो. वॉर्निंग आल्या तरी प्रोग्राम चालतो म्हणून त्या न वाचणं ही वाईट सवय आहे. स्कॅनएफच्या बाबतीत वॉर्निंग आणि चूक यांत फारसं अंतर नसतं.

पहिली पायरी: काय घेतलं ते छापून बघा

प्रत वाचून झाल्यावर लगेच ही ओळ घाला:

प्रिंटएफ("[%डी] [%डी]\एन", वजन, प्रत);

‘प्रत’ %सी ने न छापता %डी ने छापायची, म्हणजे अक्षराऐवजी त्याचा कोड दिसतो. चौकटी कंस घातले की मोकळी जागाही लपत नाही. वरचा प्रोग्राम चालवून ४२ आणि एंटर दिलं की पडद्यावर येईल: [४२] [१०]

१० हा नव्या ओळीचा कोड आहे, म्हणजे तुम्ही दाबलेला एंटर. ३२ दिसला तर स्पेस, १३ दिसला तर विंडोजच्या फाइलमधून आलेलं ओळ संपल्याचं चिन्ह, ४६ दिसला तर टिंब. ६५ म्हणजे मोठा ए. हे पाच कोड लक्षात ठेवले तरी निम्मं निदान होतं.

आता एंटर ‘प्रत’मध्ये कसा शिरला ते पाहू. की-बोर्डवर ४२ दाबून एंटर मारता तेव्हा प्रोग्रामकडे तीन अक्षरं जातात: ५२ (म्हणजे ‘४’), ५० (म्हणजे ‘२’) आणि १०. ही तिन्ही बफर नावाच्या जागेत क्रमाने थांबतात. %डी पहिली दोन उचलतो आणि त्यांचा बेचाळीस हा आकडा करतो. तिसरं अक्षर बघतो, तो अंक नसतो, म्हणून थांबतो आणि ते अक्षर जिथल्या तिथे ठेवतो. नंतर %सी येतो. त्याला एक अक्षर हवं असतं आणि बफरमध्ये १० तयारच असतो. की-बोर्डकडे बघायची गरजच पडत नाही.

मग दोन %डी एकामागोमाग असले तर हा घोळ का होत नाही? कारण %डी, %एफ आणि %एस हे तिघं वाचण्याआधी वाटेतली स्पेस, टॅब आणि नवी ओळ गिळून टाकतात. %सी तसं करत नाही. स्पेस आणि एंटर हीसुद्धा अक्षरंच आहेत आणि ती मोजणारा प्रोग्राम कुणाला लिहायचा असेल, म्हणून तो सरळ पुढचं अक्षर घेतो. %[ ने सुरू होणारा प्रकारही तसाच वागतो. त्यामुळे आकडे वाचणारे पहिले काही प्रोग्राम नीट चालतात आणि पहिलं अक्षर वाचायची वेळ आली की सगळं बिनसतं.

एका स्पेसची दुरुस्ती

स्कॅनएफ(" %सी", &प्रत);

अवतरणचिन्ह उघडल्यावर आणि % च्या आधी एक स्पेस. स्कॅनएफच्या भाषेत या स्पेसचा अर्थ ‘इथे जेवढी मोकळी जागा असेल तेवढी सोडून दे’ असा होतो. ती शून्य असली तरी चालते. एवढ्याने वरचा बिघाड जातो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत वेळ कमी असेल तर हीच दुरुस्ती करा.

स्पेस % च्या आधी द्यायची, नंतर नाही. "%डी " असं लिहिलं किंवा प्रिंटएफच्या सवयीने "%डी\एन" लिहिलं की उलटा बिघाड सुरू होतो. ४२ टाकून एंटर मारला तरी प्रोग्राम ढिम्म. पुन्हा एंटर, तरी ढिम्म. ए टाइप करून एंटर मारल्यावर मात्र ‘प्रत टाका’ उमटतं आणि प्रत आपोआप भरली जाते. कारण तेच. शेवटची स्पेस सांगते की मोकळी जागा सोडत राहा, आणि मोकळी जागा संपली हे कळायला स्कॅनएफला तिच्यापुढचं एखादं खरं अक्षर बघावं लागतं. ते येईपर्यंत तो अडून राहतो. ‘दोनदा इनपुट द्यावं लागतं’ अशी तक्रार असली की आधी स्कॅनएफच्या अवतरणचिन्हांत शेवटी काय आहे ते बघा.

स्कॅनएफमध्ये "वजन टाका %डी" असा मजकूरही घालायचा नसतो. तो पडद्यावर छापला जात नाही, उलट टाइप करणाऱ्याने तोच मजकूर अक्षर न् अक्षर द्यावा अशी अट होते. "%डी,%डी" लिहिलं तर दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम टाकावाच लागतो.

एफफ्लश(एसटीडीइन) बद्दल

बफर रिकामा व्हावा म्हणून बरेच जण प्रत्येक स्कॅनएफनंतर ही ओळ घालतात आणि टर्बो सीमध्ये ती चालतेही. पण सीच्या प्रमाण व्याख्येत एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटवर वापरला तर काय व्हावं हे तिथे ठरवलेलंच नाही. लिनक्सवर जीसीसीने बनवलेल्या प्रोग्राममध्ये की-बोर्डचा बफर त्याने रिकामा होत नाही. त्यामुळे लॅबमध्ये चालणारा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर बिघडतो आणि विद्यार्थी पुन्हा कॉम्प्युटरला दोष देतो. ही सवय लावूनच घेऊ नका. ओळ वाचणाऱ्या गेट्स या जुन्या फंक्शनचंही तसंच. किती अक्षरं घ्यायची याची मर्यादाच त्याला देता येत नाही, म्हणून सीच्या २०११ च्या प्रमाण व्याख्येतून तो काढून टाकला. टर्बो सीच्या वळणाच्या नोट्समध्ये तो अजून सापडतो.

दोन शब्दांची गावं

आता ‘गाव’. %एस पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबतो. चांदूर बाजार टाइप केलं तर ‘गाव’मध्ये फक्त ‘चांदूर’ जातं. चांदूर रेल्वे टाइप केलं तरी ‘चांदूर’च. अमरावती जिल्ह्यातले हे दोन वेगळे तालुके आहेत आणि नोंदीत ते एक होऊन बसतात. धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, तिकडे बुलढाण्यात सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा, आपल्याकडे अशी गावं इतकी आहेत की हा बिघाड पहिल्याच दिवशी दिसायला हवा. चाचणी घेताना सगळे ‘अकोला’ नाहीतर ‘वर्धा’ टाकतात, म्हणून तो लपून राहतो. प्रोग्राम तपासताना दोन शब्दांचं गाव मुद्दाम टाका.

कापलेलं नाव हा अर्धाच त्रास झाला. ‘बाजार’ हा शब्द बफरमध्ये तसाच पडून असतो. पुढच्या गाडीचं वजन विचारणारा %डी तिथे येतो, ‘ब’ बघतो आणि काहीच न घेता परततो. वजनात मागच्या गाडीचाच आकडा राहतो. काटापट्टीवर दोन गाड्यांचं वजन सारखं दिसलं तर खोट वजनात शोधू नका, तिच्या आधीच्या गावाच्या नावात शोधा.

तात्पुरता उपाय:

स्कॅनएफ(" %१९[^\एन]", गाव);

‘नवी ओळ येईपर्यंत सगळं घे, पण १९ च्या वर घेऊ नकोस’ असा याचा अर्थ. ॲरे २० ची असताना १९ का? शेवटचं एक घर स्ट्रिंग संपल्याच्या शून्याला लागतं. ही मर्यादा न घालता मोठं नाव दिलं तर ते ॲरेच्या बाहेर सांडतं आणि शेजारच्या व्हेरिएबलवर चढतं. साध्या %एस लाही ती घालता येते: "%१९एस".

अक्षर टाकलं आणि पडदा धावत सुटला

मेन्यू असलेल्या प्रोग्राममध्ये याच बिघाडाचं सर्वात घाबरवणारं रूप दिसतं. व्हाइल(१) मध्ये ‘१ नवी गाडी, २ एकूण, ३ बाहेर’ असा मेन्यू आणि "%डी" ने निवड वाचायची. कुणी चुकून एक्स दाबला की मेन्यू थांबायचं नावच घेत नाही, पडदाभर वाहत राहतो. %डी ला एक्स नको असतो, तो त्याला शिवत नाही. फेरी संपते, नवी फेरी येते, समोर पुन्हा तोच एक्स. काट्यावर पहिलीच गाडी बंद पडावी आणि मागची सगळी रांग अडून राहावी, तशी स्थिती. गाडी बाजूला ओढल्याशिवाय रांग हलत नाही.

आधी पळता प्रोग्राम थांबवा. लिनक्सवर कंट्रोल-सी. फोनवरच्या टर्मक्स या ॲपमध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, ते दाबून सी. टर्बो सीमध्ये कंट्रोल-ब्रेक, पण पुष्कळ लॅपटॉपवर ब्रेकचं बटणच नसतं. मग टर्बो सी ज्याच्या आत चालतो त्या डॉसबॉक्सची खिडकी बंद करावी लागते आणि सेव्ह न केलेला कोड जातो. म्हणून रन करण्याआधी एफ२ दाबून सेव्ह करायची सवय हवी. आपल्याकडे वीज कधीही जाते, त्यासाठीही ती हवीच. याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे: टर्बो सीमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे रन, पण डॉसबॉक्समध्ये तेच कंट्रोल-एफ९ म्हणजे डॉसबॉक्स बंद. तुमच्या लॅबच्या मांडणीत ही बटणं बदललेली नसतील तर ‘रन केलं की खिडकीच गायब होते’ असं दिसेल. तिथे ऑल्ट-आर ने रनचा मेन्यू उघडून चालवा.

आता दुरुस्ती. स्कॅनएफ एक आकडा परत देतो: किती गोष्टी यशस्वीपणे भरल्या. एक मागितली आणि १ आला तर ठीक. ० आला तर समोर भलतंच काहीतरी आहे. इनपुट संपलं असेल तर ईओएफ येतो, जो ऋण असतो. हा आकडा बघायचाच:

इफ (स्कॅनएफ("%डी", &निवड) != १) {
    इंट क;
    व्हाइल ((क = गेटकॅर()) != '\एन' && क != ईओएफ)
        ;
    इफ (क == ईओएफ) ब्रेक;
    प्रिंटएफ("आकडा टाका\एन");
    कंटिन्यू;
}

व्हाइलची ती ओळ बंद पडलेली गाडी बाजूला ओढते. नव्या ओळीपर्यंतचं सगळं वाचून टाकून देते. ‘क’ हा इंट आहे, कॅर नाही, याकडे लक्ष द्या. ईओएफ ही किंमत कुठल्याही अक्षराच्या कोडपेक्षा वेगळी असते आणि ती मावायला इंटच लागतो. फोनमधल्या एआरएम प्रोसेसरवर कॅर बहुधा ० ते २५५ असा धरला जातो. तिथे ऋण ईओएफ त्यात बसतच नाही आणि हीच ओळ कधीच न संपणारी होऊ शकते. हा सफाईचा लूप गरज नसताना टाकला, म्हणजे बफर आधीच रिकामा असताना, तर तो एंटरची वाट बघत बसतो. इनपुट फसल्यावरच तो चालवायचा.

साडेबारा क्विंटल

इथपर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या केल्या तरी एक इनपुट त्यांना पुरून उरतं: १२.५. %डी बारा घेतो, टिंबापाशी थांबतो आणि खुशाल १ परत देतो. पुढचा " %सी" टिंब उचलून ‘प्रत’मध्ये टाकतो. छापून बघितलं की [१२] [४६]. गावाच्या नावात ‘५’ जातं. कुठेही चूक दाखवली जात नाही आणि अर्धा क्विंटल कापूस हिशोबातून जातो. हा प्रकार पळत्या मेन्यूपेक्षा जास्त वाईट, कारण तो मेन्यू निदान डोळ्यांना तरी दिसतो.

वजन दशांशात घ्यायचं असेल तर व्हेरिएबल फ्लोट किंवा डबल करा. स्कॅनएफमध्ये फ्लोटला %एफ आणि डबलला %एलएफ द्यायचं. प्रिंटएफमध्ये दोन्हींना %एफ चालतं, त्यामुळेच गल्लत होते. फ्लोटला %एलएफ दिलं तर चार बाइटच्या जागेत आठ बाइट लिहिले जातात आणि शेजारचं व्हेरिएबल खराब होतं. पण पूर्ण आकडाच हवा असेल आणि कुणी दशांश टाकला, तर तो नाकारला गेला पाहिजे. त्यासाठी वाचायची पद्धतच बदलावी लागते.

कायमची दुरुस्ती: आधी पूर्ण ओळ घ्या, मग तिच्यातून काढा

की-बोर्डवरून माणूस ओळीनेच उत्तर देतो. मग प्रोग्रामनेही ओळीनेच घ्यावं. ओळ ॲरेत मावत असेल तर एफगेट्स ती पूर्ण, एंटरसकट उचलतो, मागे काही उरत नाही. त्या ओळीतून आकडा काढायचं काम एसस्कॅनएफ करतो:

इंट आकडा_घ्या(कॉन्स्ट कॅर *प्रश्न)
{
    कॅर ओळ[१००], उरलं;
    इंट न;
    फॉर (;;) {
        प्रिंटएफ("%एस", प्रश्न);
        एफफ्लश(एसटीडीआउट);
        इफ (एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, एसटीडीइन) == नल)
            एक्झिट(१);
        इफ (एसस्कॅनएफ(ओळ, "%डी %सी", &न, &उरलं) == १)
            रिटर्न न;
        प्रिंटएफ("पूर्ण आकडाच टाका\एन");
    }
}

यातला एसस्कॅनएफ नीट बघा. दोन गोष्टी मागितल्या आहेत, पण उत्तर १ यावं अशी अट आहे. ओळीत ४२ आणि एंटर एवढंच असेल तर %डी भरतो, मधली स्पेस एंटर सोडून देते, %सी ला काहीच सापडत नाही, उत्तर १. ओळीत १२.५ असेल तर %सी ला टिंब सापडतं, उत्तर २, ओळ नाकारली. एक्स असेल तर ०, नाकारली. नुसताच एंटर असेल तर ईओएफ, तोही नाकारला. तिन्ही बिघाड एकाच अटीत अडतात. एफफ्लश इथे एसटीडीआउटवर, म्हणजे त्याच्या खऱ्या जागी आहे. काही ठिकाणी प्रश्नाच्या शेवटी नवी ओळ नसली की प्रश्न पडद्यावर उशिरा दिसतो, ते त्याने थांबतं. एक्झिटसाठी एसटीडीलिब हेडर जोडा. हे सगळं टर्बो सीमध्येही चालतं, पण तिथे प्रश्न इंग्रजी अक्षरांत लिहा, देवनागरी त्याला कळत नाही.

गावासाठी:

एफगेट्स(गाव, साइझऑफ गाव, एसटीडीइन);
गाव[एसटीआरसीएसपीएन(गाव, "\एन")] = ०;

एफगेट्स एंटरही ॲरेत ठेवतो, दुसरी ओळ तो छाटते. ती राहिली तर गावानंतरचा मजकूर खालच्या ओळीवर छापला जातो आणि स्ट्रिंग तुलना नेहमी ‘वेगळं’ असंच सांगते. स्ट्रिंग हेडर विसरू नका.

एकाच प्रोग्राममध्ये स्कॅनएफ आणि एफगेट्स मिसळू नका. स्कॅनएफने मागे ठेवलेला एंटर एफगेट्सला रिकामी ओळ म्हणून मिळतो आणि गाव कोरं राहतं. बदलायचं तर सगळी वाचनं बदला. अर्धवट बदललेला प्रोग्राम आधीपेक्षा जास्त छळतो.

फोनवर शिकणाऱ्यांसाठी

गावाकडे पुष्कळ जणांचा पहिला कॉम्प्युटर फोनच असतो. तिथे चार गोष्टी वेगळ्या घडतात.

मराठी की-बोर्ड सुरू असताना आकडा टाकला की कित्येकदा ‘5’ ऐवजी ‘५’ जातो. डोळ्यांना दोन्ही पाचच, पण %डी ला देवनागरी ५ हा अंक वाटत नाही. त्याच्या लेखी ते एक्ससारखंच भलतं अक्षर. ‘आकडा बरोबर टाकला तरी मेन्यू पळतो’ असं दिसलं तर आधी की-बोर्ड इंग्रजीवर आणा.

व्हॉट्सॲपवर किंवा पीडीएफमध्ये आलेला कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं आलेली असू शकतात. मग कॉम्पायलर ‘स्ट्रे \३४२’ अशा चुकांची रांग लावतो. सगळी अवतरणचिन्हं खोडून हाताने पुन्हा टाका. ऑनलाइन कॉम्पायलरमध्ये इनपुटची वेगळी चौकट असेल तर रन करण्याआधीच सगळी उत्तरं तिथे एकेका ओळीवर लिहावी लागतात. चौकट रिकामी ठेवली तर पहिलंच वाचन ईओएफवर आपटतं. वरच्या कोडमधली ईओएफची आणि नलची तपासणी नसेल तर मेन्यू तिथेही पळतो.

टर्मक्समध्ये किंवा लिनक्सवर गावाचं नाव मराठीत द्यायचं असेल तर ॲरे मोठी घ्या. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘चांदूर बाजार’ म्हणजे ११ चिन्हं आणि एक स्पेस, ३४ बाइट. ‘नांदगाव खंडेश्वर’ ४६. एंटर आणि शेवटचं शून्य धरून ४८. कॅर गाव[२०] मध्ये यातलं एकही बसत नाही. एफगेट्स मध्येच कापतो, शेवटचं चिन्ह अर्धवट राहून चौकोन दिसू शकतो आणि उरलेले बाइट पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जातात. कॅर गाव[६४] ठेवा.

वाचन बरोबर, तरी रक्कम उणे

एवढं सगळं नीट केल्यावर टर्बो सीमध्ये एक प्रकार राहतो. तो वाचनाचा दोष नाही, पण दिसतो तसाच, म्हणून इथेच सांगतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. वजन ५, भाव ७५२१, दोन्ही इंट. गुणाकार ३७६०५ यायला हवा, पडद्यावर येतो -२७९३१. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा असतो आणि त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही. वर गेला की त्यातून ६५५३६ वजा होऊन दिसतो. जीसीसीमध्ये इंट ४ बाइटचा असल्याने तिथे हाच प्रोग्राम बरोबर चालतो.

रक्कम नुसती लाँग केल्याने भागत नाही. वजन आणि भाव दोन्ही इंट असतील तर गुणाकार इंटमध्येच होतो, बिघडतो आणि बिघडलेलं उत्तर लाँगमध्ये जातं. गुणण्याआधीच एक बाजू लाँग करायची आणि छापताना %एलडी द्यायचं:

लाँग रक्कम = (लाँग) वजन * भाव;
प्रिंटएफ("%एलडी\एन", रक्कम);

%एलडी ऐवजी %डी राहिलं तर टर्बो सी रकमेचे खालचे २ बाइटच छापतो आणि पडद्यावर पुन्हा तेच -२७९३१ दिसतं.